प्रीमियर पद्मिनीचे मिसिंग: दोष नेमका कुठे आहे, ते टप्प्याटप्प्याने कसे शोधावे

जुनी प्रीमियर पद्मिनी नव्याने हाती आली की पहिल्या काही महिन्यांत एक तक्रार हमखास उद्भवते, ती म्हणजे मिसिंग. इंजिन सुरू होते, पण एका लयीत चालत नाही. सिग्नलला उभे असताना सारी गाडी थरथरते, चढावर झटके बसतात, कधी सायलेन्सरमधून फटाका फुटल्यासारखा आवाज येतो आणि कधी भर रस्त्यात इंजिन बंद पडून पंधरा-वीस मिनिटांनी आपोआप पुन्हा सुरू होते. अशा वेळी बहुतेक नवे मालक एकामागून एक सुटे भाग बदलत जातात: आधी प्लग, मग कॉइल (ठिणगीसाठी उच्च दाबाची वीज तयार करणारा भाग), मग कार्बोरेटरचे पूर्ण ओव्हरहॉल. पैसे खर्च होतात, मूळ दोष मात्र जिथल्या तिथे राहतो, आणि बदललेल्या भागांपैकी एखादा निकृष्ट निघाला तर त्यात नव्या दोषाची भर पडते. या वाटेने गेल्यावर जे शिकायला मिळाले, ते नव्या मालकाला त्रास न होता मिळावे, यासाठी हा लेख लिहिला आहे.

ही गाडी 1964 पासून कुर्ल्याच्या कारखान्यात फियाटच्या परवान्याने बनू लागली, 1974 पासून ती पद्मिनी या नावाने विकली गेली आणि 2001 पर्यंत तिचे उत्पादन चालू होते. इंजिन 1089 सीसीचे, चार सिलिंडरचे, कार्बोरेटरवर चालणारे. त्यात संगणक नाही, सेन्सर नाहीत आणि दोष सांगणारा दिवाही नाही. मात्र प्रत्येक भाग उघडून डोळ्यांनी पाहता येतो आणि साध्या साधनांनी मोजता येतो. पॉइंटचे (कॉइलचा प्रवाह तोडून ठिणगी घडवणारे संपर्क) डिस्ट्रिब्युटर, म्हणजे ठिणगी पाळीपाळीने प्रत्येक सिलिंडरला पोहोचवणारा भाग, आणि कार्बोरेटर असलेल्या त्या काळातल्या इतर गाड्यांनाही पुढची पद्धत बव्हंशी लागू पडते. पद्मिनीची 137डी ही आवृत्ती मात्र डिझेलची होती. तिच्यात स्पार्कची यंत्रणाच नसल्यामुळे हा लेख तिच्यासाठी नाही.

सगळ्या कामाला एकच सूत्र धरावे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, ती वहीत लिहावी, इंजिन चालवून फरक पाहावा आणि मगच पुढे जावे. कार्बोरेटरला सर्वांत शेवटी हात लावावा. कार्बोरेटरच्या नावाने केल्या जाणाऱ्या तक्रारींपैकी पुष्कळशा प्रत्यक्षात विजेच्या निघतात, आणि जेट किंवा स्क्रू आधीच फिरवून ठेवले असतील तर विजेचा दोष दुरुस्त झाल्यावरही गाडी नीट चालत नाही, त्यामुळे दोष सापडल्याचे लक्षातच येत नाही.

लागणारी साधने आणि कागदपत्रे

- फिलर गेज, मिलिमीटरच्या आकड्यांचा
- 12 व्होल्टचा टेस्ट लॅम्प आणि साधा डिजिटल मल्टीमीटर
- प्लगचा पाना, पान्यांचा सेट, चपटा व फुलीचा स्क्रू ड्रायव्हर, रबरी मुठीची पक्कड
- चालू स्थितीतला एक जादा प्लग, ठिणगी तपासण्यासाठी
- कॉम्प्रेशन गेज. विकत घ्यायचा नसेल तर ओळखीच्या गॅरेजमधून तासाभरासाठी आणता येतो
- पॉइंट घासण्याची बारीक कानस आणि स्वच्छ पुठ्ठ्याची पट्टी
- गाडीची मालक-पुस्तिका किंवा वर्कशॉप मॅन्युअल, वायरिंगच्या आकृतीसह
- मागच्या काही पीयूसी तपासण्यांच्या पावत्या (यांचा उपयोग शेवटच्या टप्प्यात सांगितला आहे)
- आगीसाठी लहान अग्निशामक, आणि वही

खाली दिलेले आकडे पॉइंटच्या जुन्या गाड्यांना सर्वसाधारणपणे लागू होणारे आहेत. आपल्या गाडीच्या पुस्तिकेत वेगळा आकडा असेल तर पुस्तिकेचाच आकडा प्रमाण मानावा, कारण इतक्या वर्षांच्या उत्पादनात कार्बोरेटर आणि डिस्ट्रिब्युटर बदलत गेले, आणि तुमच्या गाडीत आधीच्या मालकाने कोणता बसवला आहे, हे भाग प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय सांगता येत नाही.

सुरक्षेबाबत तीन गोष्टी. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालवू नये. एक्झॉस्टमधला कार्बन मोनॉक्साइड वासाने कळत नाही. ठिणगी तपासताना जवळपास पेट्रोलचा उघडा डबा किंवा पेट्रोलने भिजलेले फडके नसावे. प्लगच्या वायरमध्ये हजारो व्होल्टचा दाब असतो, म्हणून ती चालू इंजिनवर उघड्या हाताने धरू नये, आणि हृदयात पेसमेकर बसवलेल्या व्यक्तीने हे काम करूच नये.

1. पाना उचलण्याआधी लक्षण नीट लिहून काढा

नवशिक्यांचा सगळ्यात जास्त वेळ हा टप्पा गाळल्यामुळे वाया जातो. "गाडी मिसिंग मारते" एवढ्याने काही कळत नाही. मिसिंग केव्हा होते, त्यावरच दोषाची दिशा ठरते.

सिलिंडरमध्ये जितके जास्त मिश्रण दाबले जाते, तितका प्लगच्या फटीतून ठिणगी उडवायला जास्त व्होल्टेज लागते. म्हणूनच चढावर किंवा ॲक्सिलरेटर जोरात दाबल्यावर मिसिंग होत असेल, पण उभ्या गाडीत इंजिन बऱ्यापैकी चालत असेल, तर संशय आधी ठिणगीवर घ्यावा: प्लग, एचटी वायर (ठिणगीची वीज नेणारी उच्च दाबाची वायर), डिस्ट्रिब्युटर कॅप, रोटर (कॅपखाली फिरून ठिणगी वाटणारा भाग), कॉइल. मोकळ्या हवेत निळी ठिणगी देणारा कॉइलसुद्धा दाबाखाली हार मानू शकतो.

याउलट, मिसिंग फक्त स्लोवर, म्हणजे आयडलिंगला होत असेल आणि थोडी रेस दिल्यावर इंजिन सुरळीत होत असेल, तर हवेची गळती, तुंबलेला स्लो जेट (आयडलिंगचे पेट्रोल सोडणारा बारीक छिद्राचा भाग) किंवा टॅपेटचे (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांचे) बिघडलेले अंतर, यांची शक्यता जास्त. फक्त जास्त वेगात गाडी अडखळत असेल तर पेट्रोलचा अपुरा पुरवठा किंवा सैल पडलेली पॉइंटची स्प्रिंग शोधावी. फक्त पावसात किंवा पहाटेच्या दमट हवेत त्रास होत असेल तर कॅप आणि वायर. कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर या काळात हे शेवटचे लक्षण इतके सर्रास दिसते की पावसाळ्यात दुसरे काही उघडण्याआधी कॅप कोरडी करून पाहावी. इंजिन तापल्यावरच बंद पडत असेल, तर त्याचा वेगळा टप्पा पुढे दिला आहे.

वहीत हेही लिहावे की त्रास एकाएकी सुरू झाला की हळूहळू वाढत गेला, आणि तो सुरू होण्याच्या आधी गाडीवर कोणते काम झाले होते. काम झाल्यानंतर लगेच सुरू झालेला दोष बहुधा त्या कामातच असतो: प्लगच्या दोन वायरींची अदलाबदल, सैल राहिलेला नट किंवा नवा पण खराब कंडेन्सर (पॉइंटमध्ये ठिणगी उडू न देणारा लहान भाग).

2. कोणता सिलिंडर काम करत नाही ते शोधा

इंजिन बंद करून एका प्लगची वायर काढावी, तिच्या टोकाला जादा प्लग जोडून तो प्लग इंजिनच्या धातूला पक्का टेकवून ठेवावा आणि इंजिन पुन्हा सुरू करावे. हा जादा प्लग लावण्याचे कारण असे की वायर अधांतरी सोडली तर ठिणगीला वाट मिळत नाही आणि कॉइल किंवा रोटर आतून फुटण्याचा धोका राहतो. चांगला सिलिंडर असा बंद केला की इंजिनचा वेग स्पष्टपणे पडतो. ज्याची वायर काढूनही काहीच फरक पडत नाही, तो सिलिंडर आधीपासूनच काम करत नव्हता. चारही सिलिंडर असे तपासून नोंद करावी. पहिला क्रमांक रेडिएटरच्या बाजूच्या सिलिंडरचा.

एकच सिलिंडर मृत असेल तर दोष त्याच्या प्लगमध्ये, वायरमध्ये, कॅपच्या त्या खुंटीत किंवा त्याच्या व्हॉल्व्हमध्ये आहे. कॉइल, पॉइंट आणि कंडेन्सर चारही सिलिंडरना समाईक असल्यामुळे एका सिलिंडरच्या दोषासाठी ते बदलण्यात अर्थ नाही. शेजारशेजारचे दोन सिलिंडर मृत असतील तर त्यांच्यामधली हेड गॅस्केट उडाल्याची दाट शक्यता असते. मिसिंग चारही सिलिंडरमध्ये आळीपाळीने फिरत असेल, तर समाईक भागांकडे वळावे.

3. प्लग पाहा आणि कॉम्प्रेशन मोजा

गाडी काही किलोमीटर नीट वेगात चालवून, लगेच बंद करून प्लग काढावेत. बराच वेळ नुसत्या स्लोवर ठेवलेल्या इंजिनचे प्लग दिशाभूल करतात. टोक फिकट तपकिरी असेल तर ठीक. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोलचे प्रमाण जास्त. तेलकट ओले टोक म्हणजे रिंग किंवा व्हॉल्व्ह गाइडमधून येणारे ऑइल. पेट्रोलने ओले म्हणजे ठिणगीच पडत नाही. पांढरे फटक म्हणजे मिश्रण पातळ, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी. चार प्लगपैकी एकच वेगळा दिसत असेल तर ती माहिती दुसऱ्या टप्प्यातल्या नोंदीशी ताडून पाहावी. प्लगची फट साधारण 0.6 मि.मी. ठेवावी.

प्लग बाहेर आहेतच, तर याच वेळी कॉम्प्रेशन मोजून घ्यावे. इंजिन गरम असावे, बॅटरी पूर्ण चार्ज असावी, कॉइलला पुरवठा करणारी वायर काढून ठेवावी, ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरावा आणि प्रत्येक सिलिंडरला स्टार्टरचे सारखेच पाच-सहा फेरे द्यावेत. आकडा किती आला यापेक्षा चार आकडे एकमेकांच्या किती जवळ आहेत, याला महत्त्व आहे. साधारण दहा टक्क्यांपर्यंतचा फरक चालतो. एखादा आकडा फारच कमी आला तर त्या प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल घालून पुन्हा मोजावे. आकडा वाढला तर रिंग झिजल्या आहेत, नाही वाढला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. कॉम्प्रेशनच गेले असेल तर स्पार्क आणि कार्बोरेटरवर घालवलेला दिवस व्यर्थ जातो, म्हणून ही तपासणी इतक्या लवकर ठेवली आहे.

4. कॉइलपर्यंत पूर्ण वीज पोहोचते का?

तीस-चाळीस वर्षांच्या इग्निशन स्विचचे आतले संपर्क झिजलेले असतात, आणि फ्यूजच्या डबीतल्या पट्ट्यांवर गंज चढलेला असतो. पॉइंट मिटलेल्या स्थितीत चावी चालू करून आधी बॅटरीचे व्होल्टेज मोजावे आणि मग कॉइलच्या पुरवठ्याच्या टोकाचे. काही कॉइलवर टोकांना अधिक-उणे अशी चिन्हे असतात, तर काही जुन्या कॉइलवर एसडब्ल्यू आणि सीबी अशी अक्षरे. एसडब्ल्यू म्हणजे स्विचकडून येणारे टोक. बॅलास्ट रेझिस्टर (कॉइलकडे जाणारा प्रवाह कमी करणारा रोध) नसलेल्या गाडीत या दोन आकड्यांमध्ये अर्ध्या व्होल्टहून जास्त फरक असेल तर वाटेत कुठे तरी वीज अडते आहे.

याची खात्री करून घेण्याची सोपी युक्ती अशी की बॅटरीच्या अधिक टोकापासून कॉइलच्या अधिक टोकापर्यंत एक जाड वायर तात्पुरती थेट जोडावी आणि गाडी चालवून पाहावी. मिसिंग नाहीसे झाले तर कॉइल निर्दोष असून स्विच, फ्यूज किंवा वायरिंग दोषी आहे. ही वायर जोडलेली असताना चावी फिरवून इंजिन बंद होत नाही, ती वायरच काढावी लागते, आणि तपासणी झाल्यावर ती गाडीत विसरणे कॉइलच्या जिवावर बेतू शकते.

कॉइलचा प्राथमिक रोध मल्टीमीटरवर साधारण 3 ओम यावा. बॅलास्ट लागणाऱ्या कॉइलचा साधारण 1.5 ओम असतो. या दोन प्रकारांची गल्लत हा बाजारातून कॉइल आणताना होणारा नेहमीचा घोटाळा आहे. 1.5 ओमचा कॉइल बॅलास्टशिवाय लावला की तो तापतो आणि पॉइंट जाळतो.

5. पॉइंट आणि कंडेन्सर

डिस्ट्रिब्युटर, ज्याला जुने मिस्त्री डेल्को म्हणतात, त्याच्या कॅपखाली या गाडीचे सगळ्यात राबणारे भाग असतात. इंजिन मिनिटाला 3000 फेरे घेत असताना चार सिलिंडरसाठी सेकंदाला 100 ठिणग्या लागतात, म्हणजे पॉइंट सेकंदाला 100 वेळा उघडतात आणि मिटतात. त्यांची काळजी नियमितपणे घ्यावीच लागते.

कॅप काढून पॉइंट उघडून पाहावेत. पृष्ठभाग राखाडी आणि सपाट असेल तर उत्तम. एका बाजूला खळगा आणि दुसऱ्या बाजूला उंचवटा तयार झाला असेल तर धातू एकीकडून दुसरीकडे वाहून गेला आहे, आणि त्यामागे बहुधा चुकीच्या क्षमतेचा किंवा मरणपंथाला लागलेला कंडेन्सर असतो. निळसर काळे, जळलेले पॉइंट हीसुद्धा कंडेन्सरचीच तक्रार. अंधारात इंजिन चालू ठेवून पॉइंटमध्ये मोठी, सतत ठिणगी दिसत असेल तर कंडेन्सर आतून तुटला (ओपन झाला) आहे; तो आतून शॉर्ट झाला असेल तर प्लगला ठिणगी मुळीच मिळत नाही. कंडेन्सरची क्षमता साधारण 0.2 ते 0.3 मायक्रोफॅरॅड असते आणि पुष्कळ मल्टीमीटर ती मोजतात. नवा कंडेन्सर दुकानातच मोजून घ्यावा, आणि जुना चांगला असेल तर तो नव्यासाठी फेकू नये. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर, चोर बाजारात किंवा पुण्याच्या नाना पेठेत सुटे भाग शोधताना जुना, न वापरलेला, मूळ बनावटीचा माल मिळाला तर तो आजच्या स्वस्त नकलेपेक्षा नि:संशय चांगला.

पॉइंटची फट मोजताना इंजिन हाताने फिरवून कॅमचा उंचवटा पॉइंटच्या टाचेखाली बरोबर आणावा, म्हणजे फट सर्वांत जास्त उघडते. ती साधारण 0.40 ते 0.50 मि.मी. ठेवावी. खळगा पडलेल्या पॉइंटवर फिलर गेज फसवतो, कारण पट्टी उंचवट्यावर टेकते आणि खरी फट जास्त असते. असे पॉइंट आधी कानसीने सपाट करावेत किंवा बदलावेत. पॉलिश पेपर वापरू नये, त्याचे कण धातूत रुततात. शेवटी पुठ्ठ्याची पट्टी पॉइंटमधून ओढून तेल आणि बोटांचे डाग पुसून काढावेत. नवे पॉइंट बसवल्यावर ठिणगीच येत नाही, अशी जी तक्रार ऐकू येते, तिचे कारण पुष्कळदा हा तेलाचा पातळ थर असतो.

कॅमवर किंचित ग्रीस लावावे. कोरड्या कॅमवर पॉइंटची टाच लवकर झिजते, फट मिटत जाते आणि टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) मागे पडते. जास्त ग्रीस लावले तर ते उडून पॉइंटवर बसते.

आणखी दोन जागा बहुतेकांच्या नजरेतून सुटतात. पहिली, पॉइंटच्या प्लेटपासून डिस्ट्रिब्युटरच्या अंगापर्यंत जाणारी बारीक, विणलेली अर्थिंगची वायर. व्हॅक्यूम ॲडव्हान्स (इंजिनच्या हवेच्या ओढीने ठिणगीची वेळ बदलणारी रचना) असलेल्या डिस्ट्रिब्युटरमध्ये ही प्लेट सतत हलत असते, त्यामुळे वायर आवरणाच्या आत तुटते, आणि ॲक्सिलरेटर विशिष्ट जागी असतानाच गाडी कटिंग करते, म्हणजे झटके देत अडखळते. दुसरी जागा म्हणजे डिस्ट्रिब्युटरच्या शाफ्टचा बुश. शाफ्ट बोटांनी धरून आडवा हलवून पाहावा. ढिलाई जाणवत असेल तर पॉइंटची फट प्रत्येक उंचवट्यावर वेगळी पडते आणि ती कितीही काळजीपूर्वक लावली तरी चार सिलिंडरना सारखी ठिणगी मिळत नाही. बुश बदलून घेण्यावाचून याला उपाय नाही, आणि हे काम चांगल्या टर्नरकडून सहज होते.

6. कॅप, रोटर आणि एचटी वायर

रात्री, पूर्ण अंधारात, बॉनेट उघडून इंजिन चालू करावे. वायरींवर किंवा कॅपवर निळ्या ठिणग्या सरपटताना दिसल्या तर दोष डोळ्यांसमोरच आहे. दिसल्या नाहीत तर वायरींवर पाण्याचा अगदी बारीक फवारा मारून पुन्हा पाहावे. कॅप काढून आतली बाजू उजेडात तपासावी. दोन खुंट्यांच्या मध्ये पेन्सिलीने ओढल्यासारखी काळी रेघ असेल तर तिथून वीज पळते आहे. अशी कॅप घासून वापरू नये. रेघ पुन्हा उमटते. मधला कार्बनचा ठोकळा स्प्रिंगवर मोकळा हलतो का, हेही पाहावे.

रोटर बाहेरून चांगला दिसूनही आतून शाफ्टकडे वीज गळवू शकतो. तो जागेवरच ठेवून, कॅप बाजूला करून, कॉइलच्या मधल्या वायरचे टोक रबरी मुठीच्या पकडीने रोटरच्या पितळी पट्टीपासून सुमारे 5 मि.मी. वर धरावे आणि दुसऱ्याला स्टार्टर मारायला सांगावे. रोटरवर एकामागून एक ठिणग्या पडत असतील तर त्या रोटरमधून शाफ्टमध्ये उतरत आहेत, रोटर बाद.

कार्बनच्या वायरचा रोध दर मीटर लांबीला साधारण 10 ते 20 हजार ओमच्या आसपास असतो, तांब्याच्या वायरचा जवळजवळ शून्य. एखादी वायर इतरांपेक्षा कितीतरी जास्त दाखवत असेल तर ती बदलावी. वायरींचा क्रमही याच वेळी तपासावा: फायरिंग ऑर्डर 1-3-4-2 आहे आणि ती रोटर ज्या दिशेने फिरतो त्याच दिशेने कॅपवर मोजायची असते.

7. टायमिंग, पण पॉइंट झाल्यावरच

पॉइंटची फट वाढवली की टायमिंग पुढे जाते, कमी केली की मागे. त्यामुळे आधी फट, मग टायमिंग, हा क्रम उलटा करता येत नाही. डिस्ट्रिब्युटर फिरवण्याआधी त्याच्या मूळ जागेची खूण करून ठेवावी.

पहिल्या सिलिंडरचा प्लग काढून भोकावर अंगठा ठेवावा आणि इंजिन हाताने फिरवावे. हवा अंगठ्याला ढकलू लागली की कॉम्प्रेशनचा स्ट्रोक चालू आहे. पुलीवरची खूण पुस्तिकेत सांगितलेल्या जागी आणावी. टेस्ट लॅम्पचे एक टोक कॉइलच्या डिस्ट्रिब्युटरकडे जाणाऱ्या टोकाला आणि दुसरे इंजिनच्या धातूला लावून चावी चालू करावी. डिस्ट्रिब्युटरचा क्लॅम्प सैल करून तो आधी रोटरच्या फिरण्याच्या दिशेने थोडा वळवावा, म्हणजे पॉइंट मिटून दिवा विझतो, आणि मग उलट दिशेने अगदी हळू आणावा. दिवा लागतो त्या क्षणी पॉइंट उघडतात. तिथेच क्लॅम्प कसावा आणि कसल्यावर पुन्हा एकदा तपासावे, कारण कसताना डिस्ट्रिब्युटर किंचित सरकतो.

रस्त्यावर वरच्या गिअरमध्ये चढाला इंजिन टकटक वाजू लागले तर टायमिंग थोडे मागे घ्यावे. केवळ कानाच्या अंदाजाने, स्लोवर इंजिन सर्वांत वेगात फिरते तिथे डिस्ट्रिब्युटर पक्का करण्याची पद्धत टाळावी. त्या जागी टायमिंग बहुधा जास्त पुढे गेलेले असते.

8. हवा आणि पेट्रोल

इथपर्यंत सगळे ठीक असेल तरच कार्बोरेटरकडे यावे. आधी त्याचे नट आणि मॅनिफोल्डचे नट घट्ट आहेत का ते पाहावे. मग इंजिन स्लोवर असताना कार्बोरेटरच्या तळाच्या आणि मॅनिफोल्डच्या गॅस्केटभोवती साबणाचे पाणी थोडे थोडे सोडावे. इंजिनचा आवाज बदलला तर तिथून हवा आत शिरते आहे. व्हॅक्यूम ॲडव्हान्सची रबरी नळी चिरली आहे का, तेही पाहावे. काही जण या तपासणीसाठी पेट्रोल किंवा ज्वलनशील स्प्रे वापरतात. गरम एक्झॉस्टच्या शेजारी ते करू नये.

मिश्रणाचा स्क्रू फिरवूनही स्लोवर काहीच परिणाम होत नसेल तर स्लो जेट तुंबला आहे. तो काढून हवेच्या दाबाने साफ करावा, तार घालू नये. फ्लोटची पातळी, पेट्रोल फिल्टर आणि टाकीतला गंज याच क्रमाने पाहावा.

पेट्रोलमध्ये आता जे बदलले आहे, ते प्रत्येक जुन्या गाडीच्या मालकाने गांभीर्याने घ्यावे. 2022 मध्ये देशात 10 टक्के इथेनॉलचे मिश्रण साध्य झाले, 2023 पासून 20 टक्क्यांचे पेट्रोल पंपांवर येऊ लागले आणि आता तेच सर्वत्र मिळते. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असल्यामुळे त्याच जेटमधून जाणारे मिश्रण पातळ पडते, आणि कार्बोरेटरला ते स्वतःहून सुधारता येत नाही. जुन्या रबरी नळ्या आणि इंजिनवरच्या पेट्रोल पंपाचा पडदा त्याने फुगतो किंवा कडक होतो. ते ओलावाही शोषून घेते, म्हणून पावसाळाभर उभ्या राहिलेल्या गाडीच्या टाकीत पाण्याचा थर तळाला बसू शकतो. नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या बसवाव्यात, महिनोन्‌महिने उभ्या ठेवायच्या गाडीतले पेट्रोल काढून घ्यावे, आणि प्लग पांढरे पडत असतील तर अनुभवी मिस्त्रीच्या सल्ल्याने किंचित मोठा जेट बसवण्याचा विचार करावा.

9. तापल्यावर बंद पडणारी गाडी

या दोषात कॉइल, कंडेन्सर आणि पेट्रोलची वाफ हे तिघेही संशयित असतात आणि तिघेही थंड झाल्यावर निर्दोष भासतात. त्यामुळे तपासणी गाडी बंद पडल्याच्या पुढच्या दोन-तीन मिनिटांतच व्हायला हवी. जादा प्लग गाडीतच ठेवावा. गाडी बंद पडताच तो एका वायरला लावून, धातूला टेकवून, स्टार्टर मारून ठिणगी पाहावी. ठिणगी नसेल किंवा पिवळी आणि क्षीण असेल तर आधी कंडेन्सर बदलावा, कारण तो स्वस्त आहे. त्यानेही फरक पडला नाही तर कॉइल. ठिणगी निळी आणि जोमदार असेल तर इंजिनवरच्या पेट्रोल पंपावर आणि त्याच्या नळीवर ओले फडके ठेवून पाहावे. त्याने गाडी लगेच सुरू झाली तर नळीत पेट्रोलची वाफ अडकत होती. एप्रिल-मे महिन्यांत, गर्दीतून रखडत आल्यावर हे होते. नळी एक्झॉस्टपासून दूर न्यावी आणि तिच्याभोवती उष्णतारोधक पट्टी गुंडाळावी.

10. रस्त्यावरची चाचणी आणि पीयूसीची पावती

काम झाल्यावर गाडी पूर्ण गरम करून एखाद्या लांब चढावर, वरच्या गिअरमध्ये, भार देऊन चालवावी. सपाट रस्त्यावर बरी वाटणारी गाडी खंबाटकीसारख्या घाटात खरी कशी आहे ते कळते.

त्यानंतर पीयूसी केंद्रावर जावे आणि पावतीवरचे दोन्ही आकडे वाचावेत. भारत स्टेज-2 या प्रदूषणाच्या सरकारी निकषांच्या आधीच्या चारचाकी पेट्रोल गाड्यांसाठी कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा 3 टक्के आणि हायड्रोकार्बनची 1500 पीपीएम आहे. हायड्रोकार्बन खूप जास्त पण कार्बन मोनॉक्साइड कमी, याचा अर्थ पेट्रोल न जळताच बाहेर पडते आहे, म्हणजे कुठे तरी मिसिंग अजून शिल्लक आहे: ठिणगी चुकते आहे किंवा मिश्रण फार पातळ आहे. कार्बन मोनॉक्साइड जास्त असेल तर मिश्रण दाट आहे. तेव्हा चोक पूर्ण उघडतो का ते पाहावे, एअर फिल्टर बदलावा आणि मगच मिश्रणाचा स्क्रू थोडा थोडा आत घ्यावा. आधीच्या पावत्यांशी तुलना केली तर कोणता आकडा केव्हापासून वाढू लागला ते दिसते. पुढच्या वेळी गाडी मिस्त्रीकडे नेताना ती पावती आणि आपली वही दोन्ही सोबत न्यावी, आणि काय काय तपासून झाले आहे ते त्याला आधी वाचून दाखवावे.